मोतद्दाराला तीन पडले

लहानपणी आमच्या घरात दोन वेताळ होते. एक ‘चांदोबा’तला. विक्रम राजाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगणारा, शेवटी अडचणीत टाकणारा प्रश्न विचारणारा आणि राजाने तोंड उघडलं की पुन्हा झाडावर जाऊन लटकणारा. दुसरा इंद्रजाल कॉमिक्समधला. बुरखा, कमरेला पिस्तुलं, राहायला कवटीच्या आकाराची गुहा. हे दोघे एकच, रात्री झाडावर आणि दिवसा गुहेत, अशी माझी दुसरीपर्यंत पक्की समजूत होती. ताईने ती दुरुस्त केली नाही. उलट गुहेत जाताना तो प्रेत कुठे ठेवतो, याचीही माहिती तिने मला पुरवली होती.

हे सगळं वर आलं ते पुनर्विकासामुळे. ठाण्याच्या नौपाड्यातली आमची इमारत पाडायला निघाली, आणि बत्तीस वर्षांचा माळा दोन दिवसांत रिकामा करायची वेळ आली. पितळी घंगाळ, तुटका पाळणा, आणि त्यामागे पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत दोन्ही वेताळ शेजारी शेजारी झोपलेले. वाळवीने कडा खाल्ल्या होत्या, मधली पानं शाबूत होती. रद्दीवाला किलोचा भाव सांगत दारात उभा होता आणि मी माळ्याच्या शिडीवर बसून वाचत होतो.

त्या वेळी माझी एक कथा दोन वर्षं अडलेली होती. मी रबाळ्याला औषधांच्या कारखान्यात कागदपत्रं बघतो. ठरल्याप्रमाणे काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, का झालं, असे अहवाल दिवसभर लिहायचे. संध्याकाळी गोष्टी लिहायच्या. दिवाळी अंकांत तीन छापून आल्या आहेत, त्यामुळे घरात मला लेखक म्हणतात, तेही गॅस सिलिंडर आणायला सांगायचा असतो तेव्हा.

अडलेली कथा ठाण्याच्याच किल्ल्याची होती. कोर्ट नाक्याजवळून जाताना मध्यवर्ती कारागृहाची भिंत दिसते, तोच हा किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ मध्ये इंग्रजांनी. १८१५ मध्ये पंढरपुरात गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला. संशय दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्र्यंबकजी डेंगळे याच्यावर आला. पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याने त्याला मागून घेतला आणि इथे कोंडला. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई ठेवले, म्हणजे कैद्याला कोणी फितूर मिळायला नको. पण त्या गोऱ्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. किल्ल्यातल्या एका साहेबाचा मराठी मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा नोकर, घोडा फिरवायच्या निमित्ताने कैद्याच्या खिडकीखालून येई-जाई आणि सहज गुणगुणल्यासारखा निरोप गाऊन जाई. सप्टेंबर १८१६ मध्ये त्र्यंबकजी पळाला. ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या इतिहासात हे नोंदवलं आहे. पुढे त्र्यंबकजी पुन्हा पकडला गेला आणि चुनारच्या किल्ल्यात त्याला ठेवलं, तिथे बिशप हेबर त्याला भेटला. ते गाणं त्याने आपल्या प्रवासवर्णनात इंग्रजी पद्यात दिलं आहे. झुडपामागे तिरंदाज दडलेत, झाडाखाली घोडा उभा आहे. घोडे पंचावन्न आहेत, स्वार मात्र चोपन्न. पंचावन्नावा स्वार झाला की दख्खनचे दिवस पालटतील.

आता इतका ऐवज हातात असताना कथा अडायचं कारण काय? कारण मी होतो. मी अकरा पानं त्र्यंबकजीचं कोठडीतलं मनोगत लिहिलं होतं. पाऊस पडतोय, त्याला पेशवे आठवतात, शास्त्रीबुवा आठवतात, भिंतीवर शेवाळ आहे. भाषा चांगली होती. फार चांगली होती, हाच घोळ.

ट्रंक सापडल्यानंतरच्या आठवड्यात गाडीत एक चाळा सुरू केला. ठाणे ते रबाळे म्हणजे पंधरा-एक मिनिटं, पण वाशीकडच्या गाडीला ठाण्याहूनच बसायला जागा मिळाली तर वहीत रेघोट्या मारता येतात. पानाला सहा चौकोन आखायचे आणि आपली कथा त्यात काडीच्या माणसांनी काढायची. चित्रकलेत मला कायम ‘क’ श्रेणी, त्यामुळे नटवायची भीती नव्हती. पहिल्या चौकोनात काडीमाणूस बसला. दुसऱ्यात बसला. तिसऱ्यात बसला, पाऊस थोडा वाढवला. ऐरोली आली तेव्हा बारा चौकोन झाले होते आणि बाराही ठिकाणी तो बसलेला होता. शेजारच्या माणसाने वहीत डोकावून विचारलं, ‘योगासनं का?’

अकरा पानांचं मनोगत एका चौकोनाचं निघालं.

घरी येऊन जुना वेताळ पुन्हा काढला. एका चौकटीत मूठ आवळलेला वेताळ, समोर दारूच्या गुत्त्यातला गुंड. पुढच्या चौकटीत गुंड खुर्चीसकट आडवा आणि जबड्यावर अंगठीतल्या कवटीचा ठसा. ठोसा काढलेलाच नाही! तरी लहानपणी त्या ठोशाचा आवाज मी ऐकला होता, हे मी शपथेवर सांगेन. दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीला इंग्रजीत ‘गटर’ म्हणतात. ठाणेकराला या शब्दावरून पावसाळाच आठवणार, पण कॉमिक्सवाले त्याला फार मान देतात. स्कॉट मॅक्लाउडने १९९३ मध्ये कॉमिक्सविषयीचं एक पुस्तक कॉमिक्सच्याच रूपात काढलं, त्यात या कोऱ्या जागेवर अख्खं प्रकरण आहे. चित्रकार दोन क्षण देतो, मधला क्षण वाचणारा घडवतो, म्हणून त्या घटनेत वाचणाराही सामील होतो, असं त्याचं म्हणणं. माझ्या अकरा पानांत वाचणाऱ्याला सामील व्हायला एवढीशीही फट नव्हती. शेवाळसुद्धा मीच वाढवत होतो.

हे कळलं खरं, पण नुसतं कळून कथा पुढे सरकत नाही. बसलेल्या माणसाला उठवायचं कोणी?

ते काम भाच्याने केलं, आणि तेही अपघाताने. ताई घोडबंदर रोडला कासारवडवलीला राहते. तिचा मुलगा इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दर रविवारी दुपारी त्याचे चार-पाच मित्र डायनिंग टेबलाभोवती बसून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतात. हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढला. पट नसला तरी चालतो. एकजण सूत्रधार, त्याला डीएम म्हणतात. तो जग सांगतो. बाकीचे एकेक पात्र होतात आणि आपण काय करतो ते सांगतात. जमेल की नाही याची शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा, पडलेल्या आकड्यात पात्राचा वकूब मिळवायचा आणि डीएमने ठरवलेल्या आकड्याशी ताडून बघायचा. प्रत्येक पात्राला सहा गुणांचे आकडे असतात. ही मुलं ते इंग्रजीतच म्हणतात, मी वहीत बळ, चपळाई, दम, बुद्धी, शहाणपण आणि छाप असे लिहून घेतले.

(योगायोग म्हणजे १९७४ मध्येच जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने विज्ञानकथा पाठवली होती. आद्याक्षरं उलटी केली की ज. वि. ना. होतात. तेव्हा पात्र घेऊन लिहायला आपणही काही उशीर केलेला नाही.)

एका रविवारी त्यांचा एक गडी आजारी पडला आणि मला बसवलं. मी वाटसरू शाहीर झालो. डीएम होती भाच्याची मैत्रीण. तिने विचारलं, ‘मामा, पुलावर राक्षस उभा आहे. तुम्ही काय करता?’ मी सुरू केलं. नदीचं पाणी काळं आहे, शाहिराला त्याचं गाव आठवतं, गावच्या नदीवर त्याची आई...

भाच्याने हात वर केला. ‘मामा, तुला काय वाटतं ते नको सांगूस. काय करतोस ते सांग.’

एवढ्या वर्षांत एकाही संपादकाने मला इतक्या कमी शब्दांत परत पाठवलं नव्हतं. चेहरा हसरा ठेवला आणि म्हटलं, ‘पुलाच्या कठड्यावर चढतो.’ का चढतो ते मलाही ठाऊक नव्हतं. पण चढल्यावर पुढचं काहीतरी करणं भागच होतं.

परत येताना कापूरबावडीच्या वाहतुकीत रिक्षा पाऊण तास उभी होती. तिथेच ठरवलं की आपली कथा या लोकांपुढे खेळून बघायची.

तयारीला तीन आठवडे गेले. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं, तिथे बसून किल्ल्याची टिपणं काढली. खाडी कुठल्या अंगाला, खंदक कुठे, चेंदणी कोळीवाड्यातून होडी काढली तर भिंतीपर्यंत किती वल्हवावं लागेल. यातलं निम्मं पुढे उपयोगी पडलं नाही. तरी ते माहीत असल्यामुळे खेळताना मी चाचरलो नाही. नियमही कापले. जादू काढली, राक्षस काढले, सहा गुण आणि वीस बाजूंचा फासा तेवढा ठेवला.

रविवारी चार वाजता टेबलाभोवती चौघं. भाचा मोतद्दार झाला. मैत्रीण चेंदणीची कोळीण झाली, किल्ल्यात मासळी घेऊन जाणारी. माझा ऑफिसातला एक सहकारी ऐरोलीहून हौसेने आला होता. त्याला मी पाहुणा म्हणून मानाचं पात्र दिलं, खुद्द त्र्यंबकजी. ताई म्हणाली, ‘मी घोडा होते. मला मध्ये मध्ये उठून चहा बघायचाय, आणि घोड्याला कोणी प्रश्न विचारत नाही.’ मी घोड्याचा कागद भरला. बळ अठरा, बुद्धी दोन. ताईने बुद्धी खोडून चार केली.

खेळ सुरू झाला आणि वीस मिनिटांत माझ्या अकरा पानांचं काय चुकलं ते टेबलावर येऊन बसलं. कोळीण पहारेकऱ्यांच्या पाळ्या मोजत होती, मोतद्दार साहेबाला घोड्याच्या पायात काटा गेल्याचं पटवत होता, घोडा खरोखर लंगडत होता (ताईने त्यासाठी फासा टाकला, सतरा). आणि त्र्यंबकजी? तो मोबाईल बघत होता. ‘मला काही करायचंय का?’ त्याने दोनदा विचारलं. काही नव्हतं. कोंडलेला माणूस वाट बघतो, बस्स. इतिहासातलं मोठं नाव त्याचं, पण गोष्ट खिडकीखालून घोडा फिरवत होती.

मग मोतद्दार म्हणाला, ‘मी गातो.’

‘काय गातोस?’

‘पंचावन्न घोडे, चोपन्न स्वार. पण असं, की घोड्याला चुचकारतोय असं वाटलं पाहिजे.’

मी बारा हा आकडा ठरवला. छापेचे त्याला वरचे दोन मिळत होते. फासा टेबलावरून घरंगळत चिवड्याच्या ताटलीला अडला. तीन. तीन आणि दोन पाच. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

त्या क्षणी माझी तंतरली. सोपं उत्तर डोळ्यासमोर होतं. पहारेकऱ्याला संशय येतो, मोतद्दार पकडला जातो, खेळ साडेपाचलाच संपतो. पण मैत्रिणीने मला आधी बजावलं होतं की दान वाईट पडलं तर दार लावून घ्यायचं नाही, दुसरं दार उघडायचं, आणि ते नको तिथे उघडायचं. बरं, संशय येणार कशाचा? गोऱ्याला मराठी येतच नाही, सगळा बेत त्यावरच उभा. मग मराठी न येणाऱ्या माणसाच्या बाबतीत गाणं फसतं म्हणजे नेमकं काय होतं?

तोंडातून निघून गेलं, ‘पहारेकरी तुला थांबवतो. त्याला चाल आवडलीय. खुणेने सांगतो, मला शिकव.’

एक क्षण शांतता, मग ताई एवढी हसली की घोडा पाणी प्यायला आत गेला. भाचा मात्र हसला नाही. बाविशीचा मुलगा घोड्याचा लगाम धरल्यासारखा हात करून बसला होता. ‘शिकवतो,’ तो म्हणाला. ‘नाही म्हणालो तर संशय येईल.’ आणि त्याने खरंच शिकवलं, मी गोरा शिपाई होऊन म्हणत गेलो. पंचावन्नचं ‘पांचवान’, चोपन्नचं ‘चोपान’. तो प्रत्येक शब्द दुरुस्त करत होता. का करत होता? अर्थ पोचायला हवा होता म्हणून. की आपलं गाणं कोणी वाकडं म्हटलेलं त्याला सोसवेना म्हणून? मी त्याला खेळानंतर विचारलं. तो म्हणाला, ‘दोन्ही असेल.’

आता पहारेकरी फेऱ्या मारता मारता ते गाऊ लागला. रात्री, खिडकीखाली, एकटाच. मी सहकाऱ्याकडे वळलो. ‘त्र्यंबकजी, तुम्हाला बाहेरून गाणं ऐकू येतं. शब्द मराठी आहेत, उच्चार गोऱ्याचा आहे.’

मोबाईल उलटा ठेवला गेला. सहकारी पहिल्यांदाच पुढे सरकून बसला. त्याने बराच विचार केला.

‘हा सापळा आहे,’ तो म्हणाला. ‘मी हलत नाही.’

दोन वर्षं मला जे सापडत नव्हतं ते एका औषध कंपनीतल्या माणसाने डायनिंग टेबलावर सहा शब्दांत दिलं. त्र्यंबकजी पुन्हा बसूनच होता, पण आता त्या बसण्याला कारण होतं. निरोप अचूक पोचलाय. शब्द खरे आहेत, तोंड चुकीचं आहे. बाहेर पंचावन्नावा घोडा उभा आहे आणि कैदी जागचा उठत नाही, कारण आपली भाषा शत्रूच्या तोंडून आली की तिचा भरवसा धरवत नाही.

खेळ आठ वाजेपर्यंत चालला. शेवट कसा झाला ते सांगत नाही, तो कथेत वेगळा आहे.

त्याच रात्री लिहायला बसलो आणि तोंडावर आपटलो. जे घडलं ते जसंच्या तसं उतरवायला गेलो तर पहिली चार पानं धावतं समालोचन झालं. हा गेला, तो आला, त्याने हे केलं. खेळात टेबलाभोवतीची माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघत असतात, दान पडेपर्यंतचा श्वास सगळ्यांचा मिळून असतो. कागदावर त्यातलं काही येत नाही. फासेही लिहिता येत नाहीत. ‘नशिबाने दगा दिला’ म्हटलं की वाचणाऱ्याला लेखकाचा हात दिसतो.

तेव्हा पुन्हा सहा चौकोन आखले. या खेपेला मध्ये काय वगळायचं ते आधी ठरवलं. शिकवणीचा प्रसंग, जो टेबलावर सगळ्यात रंगला होता, तो पूर्ण काढला. एका परिच्छेदात पहारेकरी मोतद्दाराला थांबवतो. पुढच्या परिच्छेदात रात्र आहे आणि खिडकीखालून वाकड्या उच्चारातलं गाणं येतंय. मधली कोरी पट्टी वाचणाऱ्याची. भाच्याला वाचायला दिलं तेव्हा तो नाराज झाला, त्याचा सर्वोत्तम प्रसंग गेला होता ना. पण सहकाऱ्याने वाचलं आणि विचारलं, ‘शिकवताना तो रडत होता का?’ मी असं काहीच लिहिलं नव्हतं.

अकरा पानांतलं एक वाक्य टिकलं. शेवाळाचं. ते मात्र मी हट्टाने ठेवलं.

नव्वद टक्के कथा मोतद्दाराच्या बाजूने झाली. त्याचं नाव मी ठेवलं नाही, साहेब त्याला जशी हाक मारतो तशीच. गाण्याचे मूळ मराठी शब्दही रचले नाहीत. रचून बघितले, पोवाड्याच्या चालीत दोन कडवी बरी जमली होती, पण कैद्याला जे ऐकू येतं ते आधीच मोडकंतोडकं आहे, तर नीट रचलेलं कोणाला ऐकवायचं? कथा एका दिवाळी अंकाला पाठवली. संपादकांचा फोन आला, गोष्ट आवडली, पण गाणं द्याच म्हणाले. मी आठवडाभराची मुदत मागून घेतली आहे.

परवा ताईने फोन केला. नव्या जागेत ट्रंक कुठे ठेवणार, भाडं किती, अशी विचारपूस झाली. मग म्हणाली, ‘गोष्टीत घोडा ठेवलायस ना?’

‘ठेवलाय की.’

‘पंचावन्नावा नाही रे. माझा. साहेबाचा.’

‘तोही आहे. लंगडतोसुद्धा.’

‘मग कैदी पळाला त्या संध्याकाळी मोतद्दारही पळाला असेल. मागे घोड्याला चारा कोणी घातला?’

मी काहीच बोललो नाही. तिने कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला, आणि मी गाडीत वही काढून सहा चौकोन आखायला घेतले. पहिल्या चौकोनात खुंटा, दावं आणि रिकामी घमेली काढली. दुसरा अजून कोरा आहे.